सोमवारचा दुसरा हाफ

यंदा आमचं कॉलेज सुरुवातीच्या दोन्ही मॅच हरलं, आणि दोन्ही दुसऱ्या हाफमध्ये.

आमचं कॉलेज म्हणते खरी, पण मी कुठल्याच कॉलेजात कधी शिकले नाही. तिसगावात सातवी झाली, पुढे लग्न होऊन नगरला आले. आता अहिल्यानगर म्हणायचं, लिहिताना मी लिहितेही, पण बोलताना तोंडातून नगरच निघतं. तर कॉलेज आमचं ते एवढ्यासाठी, की आमच्या परसाची मागची भिंत तीच कॉलेजच्या ग्राउंडची भिंत. गच्चीवर उभं राहिलं की अख्खं ग्राउंड ताट वाढून ठेवल्यासारखं समोर येतं. आणि नगर पडलं लष्कराचं गाव, त्यामुळे फुटबॉल इथे जुना. बाहेरगावच्या पाहुण्यांना ते खरं वाटत नाही. गच्चीवरून म्हाताऱ्या बायका फुटबॉल बघतात हे तर त्यांना मुळीच खरं वाटत नाही.

बायका म्हणजे आम्ही दोघी. मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई. मी त्यांना अक्का म्हणते, त्या मला धाकटे म्हणतात.

मी नवीन नवरी होते तेव्हाची गोष्ट. गच्चीवर लुगडी वाळत घालत होते, तर खालून बॉल आला आणि चिखलासकट माझ्या धुतलेल्या लुगड्यावर बसला. मी रडकुंडीला आले. अक्कांनी शांतपणे बॉल उचलला, घागर धरावी तसा कमरेवर धरला आणि कठड्यावरून खाली वाकल्या.

"कोनी मारला? तू? डाव्या पायानं मारलास ना? आरं, तुझा डावा पाय कच्चा हाय. मी रोज बघते."

खालची पोरं आ वासून वर बघत राहिली. मीसुद्धा. घरात सासरे समोर आले की डोक्यावरचा पदर न ढळू देणारी ही बाई!

त्या दिवसापासून आम्ही दोघी संध्याकाळच्या गच्चीवर. कपडे काढायला जायचं, वाळवण उचलायला जायचं, आणि काहीच नसलं तर टाकीत पाणी किती आहे ते बघायला जायचं. घरातल्या पुरुषांना कांद्याच्या भावापलीकडे कशात गोडी नव्हती, त्यामुळे कुणी विचारलंही नाही की टाकीत पाणी बघायला एवढा वेळ का लागतो. आमचं मात्र रोज भांडण. अक्का मागच्या फळीच्या आणि मी पुढच्या. त्यांचं म्हणणं, आधी घर राखावं, गोल नाही केला तरी चालेल, पण खायचा नाही. माझं म्हणणं, अहो, नुसतं राखून बसलं तर जिंकायचं कधी? त्यांचं सगळ्यातच तसं होतं. साखर, तेल, लोणच्याची बरणी, सगळं राखून. माझा हात सैल. स्वयंपाकघरात आम्ही एका शब्दानं भांडलो नाही, जे काही भांडलो ते गच्चीवर फुटबॉलवरून, आणि त्यामुळेच मला वाटतं खाली एवढं गोडीत निघालं.

आता दोघींचेही मालक राहिले नाहीत. माझा मुलगा आणि सून सकाळी कामावर जातात ते अंधार पडल्यावर येतात. आणि अक्का गेल्या दिवाळीनंतर शेवगावला लेकीकडे गेल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, लेक म्हणाली माझ्याकडे सगळं एका मजल्यावर आहे. खरंच होतं तिचं. आमचा गच्चीचा जिना लोखंडी, वळणाचा, धडधाकट माणसालाही दोन ठिकाणी थांबवणारा. गेल्या तेव्हा महिन्याभरासाठी म्हणून गेल्या होत्या.

तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन. "कशी आहेस" वगैरे काही नाही. उचलला की पहिलं वाक्य, "काय झालं?" म्हणजे ग्राउंडवर काय झालं.

आता श्रावणाचं सांगते, कारण सगळं त्यावरूनच झालं.

फार वर्षांपूर्वी एका श्रावणी सोमवारी मागच्या फळीतला एक उंच मुलगा मॅच सुरू व्हायच्या आधीच डोकं धरून ग्राउंडवर खाली बसला. पोराला उपास, पोटात सकाळपासून पाण्याशिवाय काही नाही, आणि हॉस्टेलचा मेसवाला उपासाचं करत नव्हता. अक्का धडाधड जिना उतरल्या, आमच्या घरातली खिचडी डब्यात भरली, डबा बादलीत ठेवला आणि परसातल्या धुण्याच्या दगडावर चढून दोरीनं भिंतीपलीकडे सोडला. तेव्हापासून रिवाजच पडला. श्रावणी सोमवारी मॅच असली की आमच्या गल्लीकडून टीमला आधी फराळ. कुणी भगर करायचं, कुणी रताळ्याचा कीस, कुणी ताक. खिचडी मात्र अक्कांचीच. टीममधली निम्मी पोरं सोमवार धरायची आणि उरलेली निम्मी खिचडी दिसली की धरायची. मशिदीमागच्या गल्लीतला एक गोलकीपर होता, तो हात पुढे करून म्हणायचा, "मौसी, मेरा बी सोमवार है." अक्का त्याला सगळ्यात आधी वाढायच्या. म्हणायच्या, सगळ्यांच्या मागं एकटा उभा ऱ्हातो बिचारा.

यंदा अक्का नाहीत म्हणून खिचडी माझ्याकडे आली. पहिल्या सोमवारी हरलो. दुसऱ्या सोमवारी पहिल्या हाफला एक गोल करून पुढे होतो, आणि मग तीन खाल्ले.

त्या संध्याकाळी गच्चीवर जी चर्चा झाली ती अशी. शेजारच्या गच्चीवर आमचे कंडक्टरभाऊजी. एसटीतून रिटायर झाले, आमच्याइतकेच फुटबॉलवेडे. मी फोन स्पीकरवर करून मधल्या कठड्यावर ठेवला, त्यात अक्का.

"वहिनी, दोष पुढच्यांचा," भाऊजी म्हणाले. "तो नऊ नंबर बघितला का? गोलपाशी जातो आणि विचार करत उभा. अरे बाबा, तुझा स्टॉप आला, उतर की!"

"नऊ नंबर चांगला आहे," मी म्हणाले. "त्याला मागून बॉलच मिळत नाही."

"पुढच्यांचा दोष कसा?" फोनमधून अक्का. "गोल खाल्ले कोनी? मागं कितीजन हायत यंदा?"

"चौघं. नव्या सरांनी चौघं ठेवलेत."

"चौघं ठेवून तीन खाल्ले? मग दोघंच ठेवा म्हनावं, दीड खातील."

भाऊजी हसायला लागले. "ताई, तुम्ही इकडं या, तुम्हालाच कोच करतो."

"हसू नका. पहिल्या हाफला पळतात का पोरं?"

"पळतात की. घोड्यासारखी."

"आनि दुसऱ्या?"

"म्हशीसारखी," भाऊजी म्हणाले. "पाण्यात बसलेल्या."

अक्का फोनमध्ये "म्हशीसारखी" असं स्वतःशीच पुटपुटल्या. मग आवाज आला, "धाकटे, खिचडी कशी झाल्ती?"

"चांगली झाली होती."

"चांगली म्हंजी मोकळी का गिच्च?"

"जरा चिकटली होती. फार नाही."

"भिजवताना पानी किती ठिवलं हुतंस?"

"अंदाजानं."

"अंदाजानं! आगं, पोटात गोळा घिऊन पोरं पळतील कशी?"

"म्हणजे मॅच वहिनींनी घालवली!" भाऊजींनी टाळी वाजवली, आणि पलीकडच्या गच्चीवर दोरीवरचे कपडे काढणाऱ्या दोघीजणी खुदकन हसल्या.

मला आला राग. एक तर भर दुपारी दोन किलो साबुदाण्याची खिचडी एकटीनं परतायची, आणि वर हे. मी म्हणाले, "एवढं आहे तर तुम्ही या ना करायला!"

"येते," अक्का म्हणाल्या. "पुढल्या सोमवारी मीच येते. हिला गाडी काढाया सांगते." आणि फोन ठेवला.

मी तशीच उभी राहिले. राग कुठल्या कुठे गेला. दिवाळीपासून मी विचार करत होते की अक्का इकडे येतील त्या कशासाठी येतील. तुम्हाला वाटेल, यायला कशाला काय लागतं? पण आमच्यात लागतं. लग्न, बारसं, दहावा, पाहुणे बघायला येणार, काहीतरी काम हवं. नुसतं करमत नाही म्हणून कुणी गाडी काढत नाही, आणि म्हाताऱ्या माणसासाठी तर नाहीच. लेक वाईट नव्हती हो, पण तीही म्हणणारच, "आई, तिकडं आत्ता काय काम आहे?" आता काम निघालं होतं. पोरं हरताहेत, खिचडी मोकळी व्हायला हवी. याहून मोठं काम कुठलं!

आठवडाभर मी उडत होते. चांगला साबुदाणा आणला, शेंगदाणे स्वतः निवडले. खालच्या खोलीत खिडकीजवळ पलंग सरकवला. अक्कांना आता खाली मांडी घालून बसता येत नाही, म्हणून ओट्यापाशी उंच खुर्ची लावून पाहिली, त्यात स्वतः बसून पाहिलं की कढईपर्यंत हात पोचतो का. पोचत होता.

आणि शनिवारी टीमचे नवे सर घरी आले.

तरुण मुलगा, कोल्हापूरकडचा. तिकडे फुटबॉल म्हणजे काय ते मी सांगायला नको. दाराबाहेर बूट काढले, पाणी प्यायला, आणि मग म्हणाला, "आज्जी, राग मानू नका. मॅचच्या आधी पोरांना खिचडी देऊ नका."

"जरा चिकटली होती, हे खरं. पण आता..."

"चिकटल्याचं नाही ओ आज्जी. साबुदाणा, शेंगदाणे, तूप, रताळं, हे खाऊन कोण पळणार? पोटात दगड. एखादं केळं, दोन खजूर, लिंबूपाणी, बास. उपासाला सगळं चालतं."

"आणि मॅच झाल्यावर?"

"तोवर दिवस मावळतो. मग उपास सोडायला पोरं जेवायलाच जातात की."

मी शेवटचं विचारलं, "माझ्या जाऊबाई येणार आहेत करायला. त्यांची खिचडी मोत्यासारखी मोकळी असते."

"कुणाचीही नको, आज्जी," तो म्हणाला. फार गोड बोलला, पण म्हणाला.

तो गेल्यावर मी गच्चीवर जाऊन भाऊजींना सांगितलं. मला वाटलं ते माझ्या बाजूनं बोलतील. ते डोकं खाजवत म्हणाले, "वहिनी, एक विचारू? आपण श्रावणात कधी जिंकलोय का हो?"

मी आठवायला लागले. एक वर्ष आठवलं, ते मॅच रद्द झाल्याचं निघालं. श्रावणात हरायचं आणि भाद्रपद लागला की जिंकायचं, दरवर्षी असंच, आणि आम्ही म्हणायचो गणपती पावला! इतकी वर्षं आख्ख्या गल्लीनं मिळून पोरांना प्रेमानं खाऊ घालून हरवलं होतं. भाऊजी कठडा धरून हसत होते. मलाही हसू आलं, पण अर्ध्यावर थांबलं, कारण मनात एकच चाललं होतं, आता अक्का कशाला येतील?

न सांगता त्यांना येऊ द्यावं असंही वाटलं. पण त्यांनी एवढ्या लांबून येऊन खिचडी करायची आणि ती पातेल्यात तशीच राहायची, हे मला बघवलं नसतं. रविवारी मीच फोन केला आणि सर काय म्हणाले ते सगळं सांगितलं.

अक्कांनी ऐकून घेतलं. "बराबर हाय त्याचं," म्हणाल्या. "आपल्याला कधी सुचलं न्हाई." आणि लगेच, "मग मी काय करायला येऊ?"

मागून लेकीचा आवाज येत होता, "आई, मग उद्याचं रद्द ना? तसं ह्यांना सांगते."

मी फोन घट्ट धरून उभी. काम शोधत होते. लोणचं घालायचे दिवस नव्हते. घरात कुणाचं लग्न नव्हतं. पलंग सरकवलाय, खुर्ची लावून ठेवलीय, हे काम होत नाही. एकाच घरात आम्ही इतकी वर्षं काढली, बाळंतपणं केली एकमेकींची, दोघी एकाच वर्षात विधवा झालो, पण असलं काही आम्ही एकमेकींशी कधी बोललो नव्हतो. लाज वाटत होती, खरं सांगते.

"अक्का," मी म्हणाले, "मला करमत नाही."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. मग अक्का म्हणाल्या, "गुडघा लई दुखतो गं." आणि मग फोन लेकीकडे गेला आणि लेक म्हणाली, "काकू, आम्ही सकाळी निघतो."

आल्या. गाडीतून आधी काठी उतरली, मग एक पाय, मग बऱ्याच वेळानं दुसरा. मला त्या लहान वाटल्या, उंचीनं. एवढ्या कशा उतरल्या या आठ-नऊ महिन्यांत! हातात शेवगावच्या बाजारातल्या केळ्यांचा मोठा घड. "सर केळी म्हनले ना," एवढंच बोलल्या. लेक मैत्रिणीकडे जाऊन येते म्हणून गेली.

दुपारी केळी पोरांना पोचली. मॅचच्या वेळी अक्का जिन्यापाशी गेल्या. दांड्याला धरलं, एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला, वर बघितलं. मी मागे आधाराला हात धरून उभी होते. त्यांनी पाय परत खाली घेतला.

"तू जा वर," म्हणाल्या. "आनि येऊन सांग."

"मी नाही जात."

परसात भिंतीला लागून, धुण्याच्या दगडापाशी, मी दोन खुर्च्या टाकल्या. पलीकडे ग्राउंड, मध्ये डोक्यावरून जाणारी भिंत. ऐकू सगळं येत होतं, दिसत काही नव्हतं. भाऊजींना वर सांगून ठेवलं होतं की तुम्ही वरून बघून सांगा. पण कंडक्टर माणूस, घंटी मारायची सवय, सांगायची नाही. रंगात आले की "अरे, अरे, अरे... गेला!" एवढंच.

"काय गेला?" अक्का ओरडायच्या. "बॉल गेला का मानूस गेला?"

"थांबा ताई, थांबा!"

"ह्याच्या गाडीत बसून मानूस कुठं पोचलं असंल का कधी!" अक्का मला म्हणाल्या.

मग एकदम मोठा गलका झाला. अक्कांनी माझा हात धरला. "आपला! मागून लांब मारला, पुढच्यानं घातला. ऐकलंस?"

"त्यांचा असेल," मी म्हणाले. "आपली पोरं एवढी ओरडत नाहीत."

"आपलाच!"

"त्यांचा!" वरून भाऊजी. अक्का माझ्याकडे बघेनात. पण हात सोडला नाही.

दुसऱ्या हाफला आम्ही दोघी कान देऊन बसलो. पावलांचे आवाज येत होते, ओल्या मातीत धपधप. ते कमी होतात का, हेच ऐकत होतो. कमी झाले नाहीत. पोरं पळत होती. अक्का मध्येच म्हणाल्या, "शेवगावला बी गच्ची हाय. मोठी हाय. हिनं खुर्ची टाकून दिलीय."

"मग बरंय की."

"समोर दुसरी गच्ची. मानसं येत्यात, कपडे वाळत घालत्यात, जात्यात." थोड्या वेळानं म्हणाल्या, "बोलायचं कुनाशी आनि कशावर?"

मी माझी खुर्ची त्यांच्याजवळ सरकवली. शेवटी शेवटी नऊ नंबरनं एक गोल केला. हा मात्र भाऊजींनी व्यवस्थित सांगितला, तिकीट फाडून हातात दिल्यासारखा. एक-एक. शिट्टी झाली. भाऊजी खाली आले आणि भिंतीपाशी उभ्यानंच पुन्हा सुरू झालं. ते म्हणाले, बरोबरी म्हणजे काही खरं नाही, पुढच्या दोन्ही जिंकल्या तरच आशा. अक्का म्हणाल्या, मागची चौघं आता जमायला लागलीत, महिनाभरात एक गोल खायची नाहीत, बघा. मी म्हणाले, नऊ नंबरला जरा मोकळं सोडा. तिघंही एकदम बोलत होतो. मला वाटत होतं हे असंच अंधार पडेपर्यंत चालावं.

लेकीची गाडी दाराशी आली. "राहा आजची रात," मी म्हणाले. "पलंग घातलाय खिडकीशी."

"औषधं तिकडं ऱ्हायलीत," अक्का म्हणाल्या. लेक खाली मान घालून काठी घडी करत होती. गाडीत बसल्यावर अक्कांनी काच खाली केली. माझ्याकडे बघितलं, मग घराकडे, आणि काच वर गेली.

आता भाद्रपद लागलाय. टीम एक जिंकली, एक हरली. भाऊजी वरून हाका मारतात, "वहिनी, वर या की, खालून काय दिसतंय?" मी जात नाही. मॅच सुरू व्हायच्या आधी परसात जाऊन बसते. दुसरी खुर्चीही तिथेच आहे, मी आत नेलेली नाही. तिच्यावर फोन ठेवते, आवाज मोठा करून. ग्राउंडवरचा गलका आम्हाला दोघींना सारखाच ऐकू येतो, इथे आणि शेवगावला.

काल असाच एकदम आवाज उठला.

"कोनाचा गं?" अक्कांनी विचारलं.

"कळलं नाही."

"भाऊजी काय म्हनतात?"

"ते नुसतं गेला, गेला म्हणतायत."

"म्हनू दे त्यांना," अक्का म्हणाल्या. "मला तर आपलाच वाटतोय."